खोबरेल प्यायलेलं मशीन

दसरा उलटला की माझा धंदा तेजीत यायचा. खंडेनवमीला अंबरनाथमधला प्रत्येक शिंपी आपल्या शिलाई मशीनची पूजा करायचा. हळद, कुंकू, झेंडूची फुलं आणि वर मूठभर अक्षता. मशीन बिचारं मुकाट्याने सगळं अंगावर घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी टाके गाळायला लागायचं. मग मला निरोप यायचा, "बाई, जरा येऊन जा, मशीन रुसलंय." मी जाऊन सुईखालची पत्र्याची पट्टी सरकवायचे आणि कोंबडीच्या पिसाने आतला कुंकवाचा गाळ, तांदूळ, पाकळ्या असं सगळं खरवडून कागदावर ठेवायचे. एका शिंप्याने तर त्या अक्षता परत मागून घेतल्या. म्हणाला, यंत्राच्या पोटात जाऊन आल्यात, पोराच्या डोक्यावर टाकतो. पुढच्या वर्षी पूजा झाकणावरूनच करा, असं मी दरवर्षी सगळ्यांना बजावत असे. कुणीही ऐकलं नाही आणि त्यामुळेच आमच्या घरची दिवाळी दरवर्षी गोड झाली.

बाईमाणूस आणि मशीनदुरुस्ती ही जोडी तेव्हा लोकांना भलतीच गमतीची वाटे. बदलापूर गावातला एक शेतकरी तर मला बघून मागून कुणी पुरुष येईल म्हणून वाट पाहत आपल्या ओटीवर बसून राहिला. त्याने घरच्या हातमशीनवर भाताची पोती शिवून काढायचा उद्योग केला होता आणि सुई मोडून आत अडकली होती. मी मशीन उघडून, तुकडा काढून, दुसरी सुई लावून टाका घालून दाखवला, तरी तो म्हणतो, "मिस्तरी कधी येनार?" मी म्हटलं, येऊन गेला. मग कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी निघताना त्याने मला पडवळं बांधून दिली.

ज्यांनी मशीनला कधी हात लावला नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. एक दोरा वरून सुईतून येतो, दुसरा खाली बॉबिनमध्ये लपलेला असतो. दोघांची गाठ कापडाच्या मधोमध पडली पाहिजे. वरचा दोरा फार ताणला तर गाठ वर दिसते, खालचा ताणला तर खाली. बाकी सगळं शास्त्र या गाठीभोवती फिरतं. मशीन मोडलं असं म्हणत माणसं धावत येतात, पण ते मोडलेलं क्वचितच असतं. सुई उलटी लावलेली असते, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांत कापसाचा बोळा बसलेला असतो, नाहीतर कुणीतरी मायेने भलतंच तेल पाजलेलं असतं. उल्हासनगर कँपातल्या एका बाईने मशीनला साजूक तूप घातलं होतं, अंगात ताकद यावी म्हणून.

भलत्या तेलाचं मला एवढं प्रेम का, ते आता सांगते, कारण माझा सगळा जन्म त्या तेलानेच मार्गी लावला.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिलीच वर्षं. आमचे हे अंबरनाथच्या कारखान्यात कारकून होते आणि आम्ही पूर्वेला दोन खोल्यांत राहत होतो. हे, मी आणि सासूबाई. सासूबाई बदलापूर गावच्या, शेतावर राबलेल्या. बोलणं मोजकं, हात मोठे. मी कल्याणची, जराशी शिकलेली. माझं पहिलं मूल जन्मतःच गेलं. लोक म्हणत, म्हणून हिने मनाला लावून घेतलं. तसं नव्हतं. मूल गेल्यावर मी पोटभर रडले, उठले, कामाला लागले. आणि मग चांगली सावरले असताना, एका साध्या दिवशी, भाजी निवडता निवडता माझा हात थांबला. पुढची काडी कशाला निवडायची ते मला कळेना.

आता याला डिप्रेशन म्हणतात, त्याचे डॉक्टर असतात, गोळ्या असतात, आणि ते फार चांगलं झालं. तेव्हा याला नाव नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून निजून असायचे. दुःख वाटायचं असंही नाही, काहीच वाटायचं नाही. कुणी दृष्ट काढली, कुणी अंगारा आणला, डॉक्टरांनी टॉनिक दिलं. शेजारणी येऊन सांगत, मन रमव, देवाचं नाव घे. त्यांचं चुकत नव्हतं, पण रमवायला मन असावं लागतं ना. सासूबाईंनी मला काहीच सांगितलं नाही. त्या माझे केस विंचरायच्या, पेज पाजायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या.

उन्हाळा आला तसं ते ओझं हळूहळू ढिलं व्हायला लागलं. का, ते ठाऊक नाही. मी उठून बसू लागले. अंगावरची चोळी मात्र खांद्यावरून घसरत होती, इतकी मी वाळले होते. सासूबाई म्हणाल्या, "टाका घाल तिला. तुझा मशीन हाय ना."

माहेराहून आलेलं माझं हातमशीन कोपऱ्यात होतं. मी झाकण काढलं, कापड सुईखाली घेतलं, दांडा धरला. चाक हलेना. पुन्हा जोर लावला. दगडासारखं गच्च. आणि मला राग आला. अहो, काय सांगू तुम्हाला, मला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं होतं. मी मशीनला चापट मारली आणि ओरडले, "याला काय धाड भरलीय?"

सासूबाई चुलीपुढून धावत आल्या. मशीनकडे नव्हे, माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. म्हणाल्या, "चल. आत्ताच्या आत्ता चल. कँपात मिस्तरी हाय." आणि त्यांनी मशीन गोधडीत गुंडाळलं, चुंबळ केली, डोक्यावर घेतलं आणि निघाल्या. मागे मी, सैल चोळीवर पदर गच्च ओढून.

तेव्हा उल्हासनगर हे नाव अजून लोकांच्या तोंडात बसलं नव्हतं, सगळे कँपच म्हणत. लष्कराच्या लांबलचक बराकी, त्यांत सिंधी निर्वासितांची बिऱ्हाडं, दोन घरांमध्ये गोणपाटाची भिंत. पण बराकींच्या बाहेर बघावं तर नुसती धांदल. कुणी पापड वाळवतंय, कुणी बिस्किटं भाजतंय, कुणी खोक्यावर कंगवे मांडून बसलंय. सगळं सोडून आलेली ही माणसं इतकी घाईत कशी, याचं मला त्या दिवशी फार नवल वाटलं.

चेतनदास मिस्तरी एका पत्र्याखाली बसायचे. चष्म्याची एक काडी सुतळीची. पलीकडे, सिंधमध्ये, त्यांचं मशीनचं मोठं दुकान होतं, असं नंतर कळलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. त्यांनी मशीन उघडलं नाही. आधी वाकून त्याचा वास घेतला.

"इसने तो बालों का तेल पिया है," ते म्हणाले.

सासूबाई खाली बघायला लागल्या. मग बोट गालावर ठेवून म्हणाल्या, "मी घालत होते. रोज दोन थेंब. ती निजून व्हती ना, म्हनून. म्हटला, उठंल तवा मशीन गंजलेला नको."

म्हणजे मी भिंतीकडे तोंड करून पडले असताना माझ्या पाठीमागे रोज हे चाललं होतं. खोबरेल तेल आत जाऊन चिकट झालं, धुळीत मिसळून त्याचा डिंक झाला आणि मशीन जागच्या जागी गोठलं. मला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम बाहेर पडलं. मिस्तरींनी मला रडू दिलं. सासूबाईंना म्हणाले, "अम्मां, प्यार से पिलाया है. निकल जाएगा."

मी मशीन ठेवून घरी जायला उठले तर ते म्हणाले, "कहां? जिसकी मशीन, उसका हाथ. बैठो."

ही त्यांची रीत होती. गिऱ्हाइकाला समोर बसवायचे आणि चाक त्यालाच फिरवायला लावायचे. ते स्वतः सांध्यांत थेंबथेंब रॉकेल सोडत आणि म्हणत, "ज़ोर नहीं पुट, ज़ोर नहीं. आगे थोड़ा, पीछे थोड़ा." पुट म्हणजे बाळ. मी चाक केसभर पुढे नेलं, केसभर मागे. पुन्हा रॉकेल, पुन्हा तसंच. काळपट, चिकट पाणी कापडावर ओघळू लागलं. चाक बोटभर फिरलं, मग चार बोटं, मग अडलं, मग पुन्हा सुटलं. आणि एकदम, कसलीही सूचना न देता, ते गरकन पूर्ण फिरलं. खटखटखट करत सुई वरखाली नाचायला लागली. माझ्या हाताखाली. मला दांडा सोडवेना. कापड नाही, दोरा नाही, मी नुसतीच फिरवत बसले होते आणि सासूबाई रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांना सांगत होत्या, "चालला, चालला."

त्या रात्री मी जेवले. नीट, वाढून घेऊन.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कँपात हजर. दोरा तुटतो असं खोटंच कारण सांगितलं. मिस्तरींनी मशीन बघितलंही नाही. स्क्रूंनी भरलेला एक डबा पुढे ढकलला आणि म्हणाले, निवड. मी निवडत बसले. तिसऱ्या दिवशी कारण सांगायची गरज पडली नाही. मला ते काम इतकं आवडायला लागलं की सकाळी डोळा उघडण्याआधीच बोटं शिवशिवायची. होडीच्या आकाराचं शटल सुईच्या दोऱ्याचा फास नेमका पकडून पलीकडे निसटतं, ते पहिल्यांदा समजलं तेव्हा मी घरी येऊन ह्यांना पानावरून उठवलं आणि चमच्याने, सुतळीने करून दाखवलं. ह्यांना काही कळलं नाही, पण ते म्हणाले, "फारच छान." बिचारे. त्या काळात ह्यांनी कितीतरी न कळणाऱ्या गोष्टींना छान म्हटलं.

मधूनमधून वाईट दिवस यायचे. त्या दिवशी मिस्तरी मला काही शिकवायचे नाहीत. फक्त पीस हातात द्यायचे आणि साफ करायला एक जुनं मशीन. मला आता वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे मी त्यांना कधी शब्दांत सांगितलं नाही. ते पुढे मुलाकडे दिल्लीला गेले. मी निरोपाला गेले आणि सगळा वेळ बॉबिनबद्दलच बोलत राहिले.

आता माझ्या मोठ्या दिवसाची गोष्ट. कँपात एकट्या पडलेल्या बायकांसाठी एक बराक वेगळी ठेवली होती. येताना वाटेत त्यांनी जे पाहिलं, सोसलं, त्यामुळे आत पुरुषाचं पाऊल पडू द्यायचं नाही असा त्यांचा नियम होता. फाटकावर एक म्हातारी बसे, तिला सगळे दादी म्हणत. बराकीत सरकारने दिलेली हातमशीनं होती. ती बिघडली की बायका फाटकापर्यंत आणून ठेवत, मिस्तरी बाहेर दगडावर बसून दुरुस्त करत, आणि आठवडा जात नाही तो तेच मशीन तीच तक्रार घेऊन परत येई. मिस्तरी वैतागून मला म्हणाले, "मशीन बाहर आती है, हाथ अंदर रह जाते हैं." खरंच होतं. बाई कापड ओढते की सरकू देते, दांडा झटक्याने मारते की सारखा फिरवते, हे पाहिल्याशिवाय दुरुस्ती अर्धीच. त्या बराकीला इस्पितळाचे कपडे शिवायचं काम मिळणार होतं आणि निम्मी मशीनं बंद होती.

"तुम अंदर जाओगी," मिस्तरी म्हणाले.

मी आनंदाने उडालेच. एकटी, माझी स्वतःची पिशवी घेऊन! घरी येऊन स्क्रू-ड्रायव्हर पुसले, पिसं निवडली. कँपातून निघताना मिस्तरींनी एवढंच सांगितलं होतं, "सारी मशीनें मत सोचना. एक का ढक्कन खोलना. जी न करे तो बंद करके घर आ जाना."

आणि सकाळी ते परत आलं होतं. अगदी तेच. हातपाय जड, छताची कौलं, आणि कशालाच काही अर्थ नाही. कालचा आनंद कुणा दुसरीचा असावा तसा. मी भिंतीकडे वळले. मला वाटलं, संपलं. इतके दिवस नुसता देखावाच होता, मी काही बरी झालेच नव्हते. हे दारात उभे राहिले, मग हळूच म्हणाले, "मी निरोप पाठवतो, हिला बरं नाही म्हणून."

"निरोप नको," सासूबाई म्हणाल्या. त्या नेसत होत्या. सणाला नेसायचं लुगडं. "मी जातंय हिच्यासंगं."

"तू जाऊन काय करणार आई? तुला त्यातलं काय कळतं?"

"मना काय बी कलत नाय. हिला कलता. मी पिशवी धरीन." मग माझ्याजवळ बसून त्यांनी माझ्या पायांत चपला घातल्या, लहान मुलाला घालतात तशा. "ऊठ. रडू आला तर तिकडं रड. तिथं बी बायकाच हायत."

मी कशी चालले ते मला आठवत नाही. पुढे त्यांची पाठ दिसत होती, तेवढं आठवतं. फाटकाशी दादीने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत सोडलं. लांबच लांब बराक, चटयांवर बसलेल्या बायका, आणि रांगेत मशीनं. मी परत फिरणार तेवढ्यात सासूबाईंनी पहिल्या चटईवर फतकल मारली आणि पिशवी उघडून पिसं मांडली. "हं," म्हणाल्या. "एक उघड."

मी एक झाकण उघडलं. आत इतका कापूस की त्याची एक उशी झाली असती. मी पिसाने उपसायला लागले. मशीनवालीला म्हटलं, चलाओ. तिने कापड खसकन ओढलं, सुई वाकली. मी तिचा हात धरून सांगितलं, ओढू नका, नुसता आधार द्या, दाते आपोआप नेतात. टाका सरळ पडला. ती बाई स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. दुसऱ्या मशीनमध्ये सुई उलटी. तिसऱ्यात मोहरीचं तेल, आणि ते वासावरून ओळखलं ते सासूबाईंनी. "हिनं बी पाजलाय," त्या खूश होऊन म्हणाल्या आणि रॉकेलची बाटली घेऊन सरसावल्या. त्यांना हिंदी येत नव्हतं, सिंधी तर नाहीच. तरी त्या समोरच्या बाईला मराठीतच सांगत होत्या, "जोर नको. पुढं थोडा, मागं थोडा." एकेक मशीन सुटत गेलं. एक चाललं, दोन चालली, मग मोजायला कुणाला सवड होती? बराकभर ती खटखट घुमायला लागली. बायका एकमेकींना हाका मारत होत्या, कुणीतरी गाणं धरलं, माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि सकाळचं ते ओझं कुठल्या मशीनपाशी उतरून पडलं, माझ्या लक्षातही आलं नाही.

कोपऱ्यात एक मशीन झाकलेलंच होतं. त्याच्याशेजारी एक बाई भिंतीकडे तोंड करून निजलेली. दादी म्हणाली, "उसका रहने दो. वो ईश्वरी है. वो नहीं सीती, नहीं बोलती."

ती पाठ मला ओळखीची होती. मी जाऊन तिच्याजवळ बसले. शेजारणींनी मला सांगितलेलं काहीच सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "मैं भी ऐसे सोती थी. बहुत दिन."

मग भिंतीकडूनच आवाज आला. "गया?"

खोटं सांगावंसं वाटलं, पण सांगवेना. "नहीं," मी म्हटलं. "आज सुबह भी आया था."

ईश्वरी वळली. तिने माझे काळे हात बघितले. "फिर तुम आई कैसे?"

मी सासूबाईंकडे बोट केलं. त्या पलीकडे रॉकेलने माखलेल्या हाताला पदर लागू नये म्हणून कोपराने तो सावरत होत्या. ईश्वरी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मेरा तो कोई बचा नहीं."

सासूबाई आमच्याकडे आल्या, म्हणाल्या, "काय बोलते ती?" मी सांगितलं. मग त्या ईश्वरीच्या चटईवर बसल्या, झाकलेलं मशीन उघडलं, चाकावरची धूळ पदराने पुसली. तो सणाचा पदर होता. ईश्वरीचा हात उचलून त्यांनी दांड्यावर ठेवला.

"तिला सांग," मला म्हणाल्या, "आज नुसता फिरव म्हनावं. उद्या मी येतंय."

मी सांगितलं. ईश्वरीने सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, त्या खरं बोलतात का ते बघत असावी. मग तिने दांडा थोडासा पुढे नेला.

बराकीची सगळी मशीनं चालू झाली होती, माझं तिथलं काम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी मी जरा उशिराच उठले, उजाडून गेलं होतं. बघते तर सासूबाई नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या.

"चल बिगी बिगी," मला म्हणाल्या. "ती वाट बघत असंल."